विज्ञान-गणित शिकवताना डिजिटल ग्रंथालयातून तुम्ही नेमकं काय उचलता?

लंबक (धागालेखक)

मंडळी, मी नववीला भौतिकशास्त्र शिकवतो. परवा लंबकाचा धडा घ्यायचा होता म्हणून आदल्या रात्री शोधायला बसलो. फेट, मर्लॉट, कॉम्पाद्रे, इंटरनेट अर्काइव्ह अशा ऑनलाइन संग्रहांत सगळीकडे डोकावून झालं. दीड तासाने ब्राउझरमध्ये २७ टॅब उघडे. त्यात तीन तयार पाठटाचणं, दोन अख्खी पुस्तकं, एक लांबलचक व्याख्यान आणि पाच-सहा सिम्युलेशन्स (पडद्यावर आकडे बदलून चालवून बघायच्या प्रतिकृती, फेटवर त्याच असतात). दुसऱ्या दिवशी वर्गात यातलं काय वापरलं? एका सिम्युलेशनमधली चार मिनिटं. बाकी माझं नेहमीचंच: दोरा, दगड, स्टॉपवॉच आणि फळा.

आधी वाटलं, मीच आळशी. मग सहकाऱ्यांना विचारलं तर बहुतेकांची हीच गत. तयार पाठ जसाच्या तसा कोणीच घेत नाही. कोणी एक आकृती उचलतं, कोणी एक प्रश्न, कोणी नुसतीच 'अरे, असंही सांगता येतं की' एवढी कल्पना. संग्रह उभे करणाऱ्यांच्या डोक्यात मात्र बहुधा अख्खा पाठ असतो.

तर विचारायचं एवढंच की तुम्ही काय उचलता आणि वर्गात त्याचं काय होतं? 'तंत्रज्ञान शाप की वरदान' हा निबंध आपण सगळ्यांनी शाळेत लिहून झालाय, तो नको.

कर्णरेषा

२७ टॅब? माझा विक्रम ३१ चा आहे.

मी गणितवाली, त्यामुळे माझा मुक्काम जिओजेब्रा या आकृत्या काढून हलवता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संग्रहात. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात ते सुरू केलं. तेव्हापासून जगभरच्या शिक्षकांनी त्यात इतक्या फाइली चढवल्यात की एकेका प्रमेयाला ढिगाने सापडतात. पण माझं काम उचलण्यापेक्षा खोडण्याचंच जास्त.

चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले की समांतरभुज चौकोन होतो, हे घ्या. मला मिळालेल्या फाइलीत शीर्षकातच उत्तर. समोरासमोरच्या बाजू एका रंगात, शेजारी त्यांच्या लांब्या छापलेल्या. मुलांना शोधायला काही ठेवलंच नव्हतं. मी प्रत करून घेतली, शीर्षक उडवलं, रंग काढले, लांब्या लपवल्या. राहिला एक चौकोन आणि ओढायला चार शिरोबिंदू.

मुलं ओढत बसली. एकाने एक शिरोबिंदू आत ढकलून चौकोनाला खळगा पाडला. एकीने तर दोन बाजू एकमेकींना छेदतील असा पीळ घातला. आतला आकार हट्ट सोडेना. "बाई, हा मोडतच नाही!" असं मागच्या बाकावरून आलं तेव्हा मी फळ्याकडे वळले, एक कर्ण काढला आणि दोन त्रिकोण दाखवले. मध्यबिंदूचं प्रमेय आधी झालेलं होतं, सिद्धता दोन ओळींत संपली.

म्हणून फाइल निवडताना मी पहिलं हे बघते की आतलं खोडता येतंय का. सुंदर पण कुलूपबंद अ‍ॅनिमेशन माझ्या फारसं कामाचं नाही.

फुकटवाचक

एवढा खटाटोप कशाला? यूट्यूबवर 'लंबक' टाका, पाच मिनिटांत काम फत्ते.

लंबक

@फुकटवाचक, मी पण दाखवतो व्हिडिओ. पण पोरगं विचारतं, "सर, दगड जड केला तर?" आणि व्हिडिओतले गृहस्थ आपलं आपलं पुढे बोलत राहतात.

सूचीकार

मी शिक्षक नाही, ग्रंथपाल आहे. तुमच्या दीड तासाचा थोडा दोष आमच्याकडे येतो, म्हणून लिहितो.

डिजिटल ग्रंथालय म्हटलं की वाटतं, सगळा माल तिथेच रचून ठेवलाय. बऱ्याच ठिकाणी असतात त्या फक्त नोंदी, वस्तू भलत्याच सर्व्हरवर. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २००० साली ज्याला हात घातला ते एनएसडीएल, म्हणजे नॅशनल सायन्स डिजिटल लायब्ररी, मुख्यतः याच पद्धतीचं. अनेक संग्रहांतल्या नोंदी गोळा करायच्या आणि एका खिडकीतून शोधू द्यायच्या. कल्पना उत्तम, पण मूळ पान कोणी हलवलं की नोंद जागेवर आणि वस्तू बेपत्ता.

नोंदीत शीर्षक, कर्ता, विषय, भाषा, परवाना असे रकाने असतात. यातली डब्लिन कोअर ही पद्धत १९९५ ची (हे डब्लिन आयर्लंडमधलं नाही, अमेरिकेत ओहायोमधलं). २००२ मध्ये खास शैक्षणिक साहित्यासाठी एलओएम नावाचं मानक आलं. त्यात 'किती अवघड' आणि 'शिकायला साधारण किती वेळ' असेही रकाने आहेत. आहेत खरे, पण ते मन लावून भरायला कोणाला फुरसत? आणि तुम्हाला हवा असतो तो रकाना तर कुठल्याच मानकात नाही: 'मुलं नेमकी इथे अडखळतात'.

एनएसडीएलमधली मला आवडलेली गोष्ट म्हणजे संकल्पनांचे नकाशे. एएएएस या अमेरिकी विज्ञानसंस्थेच्या कामावर आधारलेले. कोणती कल्पना कोणत्या कल्पनेच्या आधी यायला हवी हे बाणांनी दाखवलेलं. चौकटीवर टिचकी मारली की त्या कल्पनेचं साहित्य समोर यायचं. शिक्षक मनात असंच शोधतो ना? 'लंबक' हा शब्द त्याला नको असतो. 'आयाम (लंबक किती ओढून सोडला) आणि दोलनकाल (एका पूर्ण झोक्याचा वेळ) यांत पोरं घोळ घालतात, त्यावर काहीतरी' हे हवं असतं.

एक व्यावहारिक सूचना: फेटवर सिम्युलेशनच्या पानावर खाली शिक्षकांनी चढवलेले उपक्रम असतात. आधी ते चाळा. तुमच्यासारख्याच कोणाच्या तरी वर्गात काय झालं त्याचा वास तिथे येतो.

सेकंदकाटा

@सूचीकार, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

@लंबक, ती चार मिनिटं कोणती ते सांगा की. तिथेच तर गोम असणार.

जुनी_पेटी

मी इथे रडगाणं गायला आलोय, माफ करा.

वर्षानुवर्षं जमवलेलं एक फोल्डर होतं माझ्याकडे. प्रकाशाचं अपवर्तन, पेशीविभाजन, आवर्तसारणी, सगळी फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरमधली अ‍ॅनिमेशन्स. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा पाठिंबा बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरमध्ये ती चालेनातच. आधी दोन-तीन वर्षं बोंबाबोंब चालू होती. मी आपला 'बघू नंतर' करत बसलो. जानेवारीत वर्गात पेशीविभाजन लावलं तर पडद्यावर राखाडी चौकोन. मुलं म्हणाली, "सर, पेशी मेली."

सूचीकार

@जुनी_पेटी, पेशी शुद्धीवर येऊ शकते. रफल नावाचा एम्युलेटर (जुन्या प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्राम) आहे, त्यात बरीचशी जुनी फ्लॅश चालते. इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच्याच जोरावर फ्लॅशचा संग्रह चालू ठेवला. फेटवाल्यांनी आपली जावा आणि फ्लॅशमधली सिम्युलेशन्स एकेक करून एचटीएमएल५ मध्ये (जे ब्राउझरमध्ये थेट चालतं) नव्याने लिहिली, म्हणून ती टिकली. ज्या संग्रहामागे माणसं राबती आहेत तोच जगतो. 'शेवटचा बदल कधी' ही तारीख बघायची सवय लावून घ्या.

लंबक

@सेकंदकाटा, ऐका तर.

धड्यात असतं की दोलनकाल आयामावर अवलंबून नसतो. 'आयाम लहान असेल तर' ही अट तिथेच असते, पण ती कोणी वाचत नाही. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मीही ती नुसती म्हणून पुढे जायचो.

या वेळी एक मीटर दोरा घेतला. आधी अंदाज लिहून घेतले. बहुतेकांचं मत: जास्त लांबून सोडला तर जास्त अंतर, म्हणून जास्त वेळ. थोडासाच ओढून सोडला, दहा दोलनं मोजली, सगळ्या गटांचं उत्तर २० सेकंदांच्या आसपास. मग म्हटलं, आता भरपूर ओढा, साधारण ६० अंश. २१ च्या अलीकडे-पलीकडे आलं. लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे वेळ वाढला, दुसरा म्हणे तू बटण उशिरा दाबलंस. भांडण खऱ्या दोऱ्यावर मिटेना. दहा दोलनं होईपर्यंत आयाम कमी होत जातो, शिवाय बटण दाबणारं बोट माणसाचं.

इथे फेटचा लंबक काढला. घर्षण शून्य, लांबी एक मीटर, दोलनकाल मोजायचं घड्याळ आतच. १० अंशांवर २.०१ सेकंद. ६० अंशांवर २.१५. म्हणजे दहा दोलनांमागे जवळपास दीड सेकंदाचा फरक, बटणाच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा. मग त्यांनीच ९० अंश करून बघितलं, तिथे फरक १८ टक्क्यांवर गेला. एक मुलगी पुस्तक उघडून ती अट शोधून मोठ्याने वाचू लागली.

चार मिनिटं ती एवढीच. पण दोरा आधी नसता तर त्या आकड्यांना कोणी विचारलंही नसतं.

खडूफळा

चर्चा रंगलीय, पण मी जरा उलट बोलतो.

सिम्युलेशन म्हणजे आपणच लिहिलेलं समीकरण यंत्राने आपल्याला परत वाचून दाखवणं. त्यातून निसर्गाबद्दल काही 'सिद्ध' होत नाही. पोरांना ते कळत नाही, त्यांना वाटतं प्रयोग झाला. लंबकरावांनी दोरा आधी घेतला म्हणून ठीक, पण दोरा न घेताच नुसता पडदा लावून मोकळे होणारेच मी जास्त पाहिलेत.

दुसरं, ग्रंथालयातलं आहे म्हणून ते बरोबर असतंच असं नाही. विमान का उडतं याची अ‍ॅनिमेशन्स शोधा. कित्येकांत अजून तेच: पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता, खालच्या हवेबरोबर टोकाला एकाच वेळी पोचायचं म्हणून ती जोरात जाते. अहो, एकाच वेळी पोचण्याचा करार हवेने कोणाशी केलाय?

सेकंदकाटा

@खडूफळा, 'हवेचा करार' जबरी! आणि मुद्दा अगदी बरोबर. प्रत्यक्षात वरची हवा खालच्या हवेच्या आधीच टोकाला पोचते. नासाच्या ग्लेन संशोधन केंद्राच्या संकेतस्थळावर ही चुकीची उपपत्ती 'चुकीची' असं शीर्षक देऊनच समजावलीय. मी वर्गात दोन्ही शेजारी-शेजारी लावतो आणि विचारतो, यातलं कोण खोटं बोलतंय आणि कशावरून? चुकीचं साहित्य असं कामी येतं.

लंबक

@खडूफळा, पहिला मुद्दा मान्य. त्या दिवशी एकाने विचारलंच, "सर, कॉम्प्युटरला कसं कळलं २.१५?" त्यावर पाच मिनिटं गेली आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

लघुगणक

तुम्ही सगळे उपकरणांबद्दल बोलताय. मी ग्रंथालयातून उचलतो ती आकडेवारी.

हवाईमधल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतायत. महिन्या-महिन्याचे आकडे साध्या मजकुराच्या फाइलीत कोणालाही घेता येतात. 'रेषीय समीकरण' शिकवताना मी मुलांना फक्त १९६० ते १९७० चे आकडे देतो. १९६० ची सरासरी ३१७ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), १९७० ची ३२६. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत बसतात. चढ वर्षाला ०.९. मग म्हणायचं, याच रेषेने २०२० चा अंदाज करा. येतो ३७१. पोरं खूश. मग खरा आकडा सांगायचा: ४१४.

वर्गात शांतता. कोणी म्हणतं गणित चुकलं, कोणी म्हणतं मोजणाऱ्याचं चुकलं. चढ स्वतःच वाढत गेला हे कोणाला तरी दहा मिनिटांनी सुचतं. वक्राची गरज का पडते हे मी नुसतं बोलून इतकं नीट कधीच पटवू शकलो नव्हतो.

अवांतर: महिन्यांचा आलेख काढला की करवतीचे दाते दिसतात. "दर वर्षी मध्येच कमी का होतं?" हे विचारलं जातंच. उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात झाडं तो ओढून घेतात. जीवशास्त्राच्या बाईंना तिथूनच बोलावून घेतो.

कर्णरेषा

@लघुगणक, हे चोरणार! बदल्यात माझ्याकडचं एक घ्या.

वर्तुळावर बिंदू घ्यायचे, सगळे एकमेकांना जोडायचे, आतले भाग मोजायचे. एक बिंदू, १ भाग. दोन, २. मग ४, ८, १६. सहा बिंदूंना किती? अख्खा वर्ग ओरडतो, ३२! काढा म्हणते. मोजून मोजून ३१ येतात (बिंदू समान अंतरावर घेऊ नका, मध्ये तीन रेषा एकाच ठिकाणी भेटतात आणि एक भाग कमी भरतो). परत मोजतात, परत ३१. मग ओईआयएस हा क्रमिकांचा, म्हणजे आकड्यांच्या मालिकांचा, ऑनलाइन संग्रह उघडायचा. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थी असताना पूर्णांकांच्या क्रमिका जमवायला सुरुवात केली, १९९६ पासून तो संग्रह इंटरनेटवर आहे. त्यात १, २, ४, ८, १६ टाकलं की क्रमिकांची रांगच लागते. ३१ जोडलं की बऱ्याचशा गळतात आणि आमची, ए०००१२७ क्रमांकाची, दिसते: पुढे ५७, ९९.

पहिले पाच आकडे बघून नियम ठोकायचा नाही, हे त्यानंतर मला सांगावं लागलेलं नाही.

नवखी_शिक्षिका

पहिलंच वर्ष आहे माझं. दोन शंका. एक, सिम्युलेशन दिलं की मुलं नुसती खेळत बसतात, काय करू? दोन, चांगलं साहित्य मराठीत करून इतर शिक्षकांना वाटलं तर चालतं का?

लंबक

पहिल्याचं मी सांगतो. खेळू द्या. फेट हे कार्ल वायमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलं. त्यांचा स्वतःचाच सल्ला असा की सुरुवातीची पाच-दहा मिनिटं मुलांना मोकळं सोडा, पायऱ्या-पायऱ्यांची लांबलचक सूचनापत्रिका देऊ नका. मी आधी 'स्लायडर २० वर न्या, मग निरीक्षण लिहा' छापाची पत्रिका द्यायचो. पोरं स्लायडर २० वर नेत, निरीक्षण शेजाऱ्याचं लिहीत.

आणि नेट दगा देतं हे गृहीत धरा. फेटचं सिम्युलेशन एका एचटीएमएल फाइलीत उतरवून घेता येतं, पेनड्राइव्हवरून चालतं.

सूचीकार

दुसऱ्याचं मी सांगतो. फाइलीवरचा परवाना बघायचा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांमध्ये 'बाय' असेल तर मूळ कर्त्याचं नाव द्या, बदल केल्याचं सांगा आणि खुशाल वाटा. 'एसए' असेल तर तुमचं भाषांतरही त्याच परवान्याखाली द्यावं लागेल. 'एनसी' असेल तर त्यावर पैसे कमवायचे नाहीत. फसतात ते 'एनडी' वर, म्हणजे बदललेलं वाटायला मनाई. भाषांतर हा बदलच धरला जातो, त्यामुळे एनडी असलेलं साहित्य भाषांतर करून वाटता येत नाही. फुकट दिसतं म्हणून मोकळं आहे असं नाही. परवाना कुठेच लिहिलेला नसेल तर सगळे हक्क राखीव आहेत असंच समजायचं आणि कर्त्याला विचारायचं.

सेकंदकाटा

भाषांतरावरून आठवलं. फेटच्या सिम्युलेशनमधली शब्दांची यादी स्वयंसेवक आपल्या भाषेत करू शकतात, मराठीतही बरीच झालीत. मीही एकदा हात घातला होता. बटणं, शीर्षकं भराभर झाली. अडलं 'चाल' आणि 'वेग' पाशी. पुस्तकात चाल म्हणजे दिशेविना, वेग म्हणजे दिशेसह. पण पोरांच्या तोंडी 'गाडीचा वेग' हाच शब्द, 'चाल' म्हणजे चालण्याची ढब नाहीतर कपट. पडद्यावर 'चाल' लिहिलं तर हसतात, 'वेग' लिहिलं तर चूक. शेवटी 'चाल'च ठेवलं. हसली की तिथेच थांबून फरक सांगता येतो.

खडूफळा

वस्तुमान आणि वजनाचं काय केलंत? तो तर याच्याही वरचा घोळ.

सेकंदकाटा

त्यावर वेगळा धागा काढा, इथे मावायचं नाही.

नवखी_शिक्षिका

सर्वांना धन्यवाद. आज लंबक घेतला, आधी दोरा, मग पडदा. मोकळं सोडल्यावर तिसऱ्या मिनिटाला त्यांना त्यात 'ग्रह एक्स' (गुरुत्व न सांगितलेला काल्पनिक ग्रह) सापडला आणि आयाम-बियाम सगळं बाजूला राहिलं. लांबी आणि दोलनकालावरून तिथलं गुरुत्वत्वरण काढायच्या मागे लागलेत. तीन गटांची तीन उत्तरं आलीत आणि उद्यापर्यंत भांडण चालणार आहे. बरोबर किती ते मला सांगाल का?

लंबक

व्यनि (खाजगी निरोप) करतो. इथे लिहू नका कोणी, माझ्या वर्गातली दोघं हा धागा वाचतात.